हिऱ्याचा हिशेब



मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांना वाटलं होतं की मी सीमेवरच्या गोष्टी सांगेन. मी त्यांना म्हटलं, मला हिऱ्यांवर बोलायचंय. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "सर, दागिन्यांतले हिरे?" म्हटलं, हो, तेच. बोटातल्या अंगठीतले, कानातल्या कुड्यांमधले.

कारण सरळ आहे. तुम्ही बडोद्यात असा, इंदूरला असा, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्लीत असा, हल्ली लग्नघरात हा वाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, "लॅबमधला हिरा घेऊ. स्वस्त आहे आणि त्याला कुणाचं रक्त लागलेलं नाही." आजी म्हणते, "खोटा हिरा घालून सून घरात आणायची का?" दोघींचंही म्हणणं मनापासूनचं असतं, आणि माझ्या मते दोघींचंही अर्धवट असतं.

सैन्यात ब्रीफिंग देताना निष्कर्ष आधी सांगायची पद्धत आहे, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही. माझा निष्कर्ष असा: हिरा जमिनीतून आला की यंत्रातून, एवढ्यावरून तो स्वच्छ ठरत नाही. त्याच्या प्रवासाचा हिशेब द्यायला कोण उभा राहतो, यावरून ठरतो. आता मी इथवर कसा आलो ते सांगतो.

रक्त कसं लागलं

पहिल्यांदा 'ब्लड डायमंड' हा शब्द कुठून आला ते पाहू. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा छोटा देश आहे. तिथे १९९१ मध्ये यादवी सुरू झाली, ती २००२ पर्यंत चालली. सुमारे पन्नास हजार माणसं मेली. आर.यू.एफ. नावाच्या बंडखोर संघटनेने सामान्य गावकऱ्यांचे हात कोपरापासून, मनगटापासून तोडले. मतदान करू नये म्हणून तोडले, दहशत बसावी म्हणून तोडले. या लढाईला पैसा पुरवला तो मुख्यतः हिऱ्यांनी.

आता सैनिकाच्या नजरेने बघा. बंडखोराला काय लागतं? दारूगोळा, धान्य, इंधन आणि हे सगळं विकत घ्यायला पैसा. तेलविहीर ताब्यात आली तरी तेल विकायला पाइपलाइन लागते, बंदर लागतं. लाकूड विकायचं तर ट्रक लागतात, आणि ते वरून विमानातूनही दिसतात. हिऱ्याचं तसं नाही. त्याला वास नाही, तो कुजत नाही, कुत्र्याला हुंगून सापडत नाही आणि मूठभर खड्यांत एका तुकडीच्या रायफली येतात.

शिवाय सिएरा लिओनच्या कोनो भागातले हिरे नदीच्या गाळात, वाळूत सापडतात. काही देशांत हिरे किंबरलाइट नावाच्या खडकाच्या खोल नळ्यांमध्ये असतात. ते काढायला प्रचंड भांडवल आणि यंत्रं लागतात. इथे फावडं आणि चाळण असली की झालं. म्हणजे बंदूक रोखून दोनशे माणसांना गाळ उपसायला लावलं की बंडखोरांची खाण सुरू. काढलेला माल सीमेपलीकडे लायबेरियात जायचा आणि तिकडून शस्त्रं यायची. लायबेरियाचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना याच युद्धातल्या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने पन्नास वर्षांची शिक्षा दिली.

अजून एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जुलै १९९९ मध्ये लोमे इथे शांतता करार झाला. त्यात आर.यू.एफ.चा नेता फोडे सांको याला देशाच्या मौल्यवान खनिजांच्या आयोगाचं अध्यक्षपद दिलं गेलं. ज्याने हिऱ्यांसाठी हात तोडले, त्याच्याच हाती हिऱ्यांची किल्ली! तो करार वर्षभरही टिकला नाही, यात नवल ते काय?

इथे आपला संबंध येतो. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान सिएरा लिओनमध्ये होते. मे महिन्यात बंडखोरांनी कैलाहून या गावात आपल्या गोरखा जवानांच्या तुकडीला वेढा घातला. हे गाव लायबेरियाच्या सीमेजवळ. सव्वादोनशेच्या आसपास जवान आणि निरीक्षक सुमारे अडीच महिने तिथे अडकून पडले होते. जुलैच्या मध्यावर 'ऑपरेशन खुकरी' झालं आणि वेढा फोडून सगळ्यांना बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर आपला एक हवालदार कामी आला. मी त्या मोहिमेत नव्हतो, पण त्या काळात गणवेशात असलेल्या प्रत्येकाला ती मोहीम ठाऊक आहे.

आता तारखा जुळवा. त्याच महिन्यात, ५ जुलै २००० रोजी, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३०६ मंजूर करून सिएरा लिओनमधल्या कच्च्या हिऱ्यांच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे आपले जवान वेढ्यात बसले होते, तेव्हा जग मान्य करत होतं की दुकानातली अंगठी आणि जंगलातली गोळी यांच्यात धागा आहे. हिऱ्यांचा प्रश्न कुठल्या तरी दूरच्या लोकांचा, असं मला म्हणूनच म्हणता येत नाही.

कागदाचं उत्तर

यावर जगाने काय केलं? मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ले शहरात सरकारं, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या. त्यातून 'किंबर्ले प्रोसेस' निघाली आणि १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. नियम असा की कच्चा हिरा देशाबाहेर जाताना सीलबंद डब्यात जाईल आणि सोबत सरकारचं प्रमाणपत्र असेल. भारत पहिल्यापासून यात आहे, २००८ आणि २०१९ मध्ये अध्यक्षही होता.

या व्यवस्थेने काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बंडखोरांना उघड बाजारात हिरा विकणं अवघड झालं. पण कागद नीट वाचा. 'संघर्षग्रस्त हिरा' म्हणजे काय? तर कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी बंडखोर जो कच्चा हिरा वापरतात तो. फक्त बंडखोर. सरकारच्याच सैन्याने खाणीवर माणसं मारली तर? व्याख्येत बसत नाही. खाणीत पोर राबत असेल तर? बसत नाही. नदी नासली तर? तेही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. २००८ मध्ये झिम्बाब्वेतल्या मारांगे इथल्या हिऱ्यांच्या क्षेत्रात तिथल्या लष्कराने गाळ उपसणाऱ्या लोकांवर हल्ला चढवला. ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. काही काळ निर्यात थांबली. पण २०११ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हा 'ग्लोबल विटनेस' ही संस्था, जिने ब्लड डायमंडचा प्रश्न सर्वांत आधी जगापुढे मांडला, किंबर्ले प्रोसेसमधून बाहेर पडली. हे वाचताना माझ्यातला सैनिक अस्वस्थ झाला. बंडखोराने निशस्त्र माणसावर गोळी झाडली तर तो गुन्हा, आणि गणवेशातल्या माणसाने झाडली तर हिरा शुद्ध? आम्हाला अकादमीत असं शिकवलेलं नाही.

रशियाचंही तसंच. तिथली अलरोसा ही मोठी हिरे कंपनी, तिच्यात रशियन सरकारचा मोठा हिस्सा. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, पण किंबर्लेच्या व्याख्येत रशियन हिरा स्वच्छच राहिला, कारण तिथे लढणारं सरकार आहे, बंडखोर नाहीत. शेवटी जी-७ देशांनी वेगळी बंदी आणली, २०२४ च्या सुरुवातीपासून.

तर सराफ तुम्हाला म्हणाला, "साहेब, किंबर्ले सर्टिफाइड आहे", तर त्याचा अर्थ एवढाच की कच्चा असताना हा हिरा बंडखोरांचा नव्हता. चांगली गोष्ट आहे. पण ती तळाची पायरी आहे.

यंत्राचं उत्तर

आता लॅबकडे येऊ. पहिल्यांदा आजीची शंका दूर करतो. लॅबमधला हिरा म्हणजे 'अमेरिकन डायमंड' नव्हे. अमेरिकन डायमंड हा झिर्कोनियाचा खडा, दिसायला सारखा, पण पदार्थच वेगळा. लॅबमधला हिरा हा कार्बनच. तोच कठीणपणा, तीच चमक.

माणसाने खात्रीने हिरा बनवला तो डिसेंबर १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. सुरुवातीला तो कापायच्या-घासायच्या अवजारांसाठी होता. आज दोन पद्धती आहेत. एकीत कार्बनवर पृथ्वीच्या पोटात असतो तसा प्रचंड दाब आणि उष्णता देतात. तिला एचपीएचटी म्हणतात. दुसरी सीव्हीडी. तिच्यात हिऱ्याचीच एक पातळ चकती बीज म्हणून बंद पात्रात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, त्या वायूंचा तप्त प्लाझ्मा करतात आणि कार्बनचे थर बीजावर चढत जातात. काही आठवड्यांत हिरा तयार. आपल्याकडे 'हिऱ्यापोटी गारगोटी' अशी म्हण आहे. इथे मात्र हिऱ्यापोटी हिराच येतो!

नुसत्या डोळ्यांनी, अगदी भिंगातूनही, मुरलेल्या जवाहिऱ्याला फरक सांगता येत नाही. त्याला खास उपकरणं लागतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला. तेव्हा 'खोटा' हा शब्द आजीने मागे घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता नातीला दोन शब्द. लॅबच्या हिऱ्याने बंडखोरांचा प्रश्न मुळातून सुटतो, हे खरं. त्यासाठी कुणाच्या गावाखालची जमीन खणावी लागत नाही, हेही खरं. पण 'पर्यावरणस्नेही' हा शिक्का जपून वाचा. ते पात्र दिवसरात्र विजेवर चालतं. वीज पवनचक्कीची असेल तर एक हिशेब, कोळशाची असेल तर दुसरा, आणि आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशातूनच येते. त्याच अमेरिकन कमिशनने २०१९ मध्ये आठ विक्रेत्यांना जाहिरातींबद्दल पत्रं पाठवून ताकीद दिली होती. त्यात पर्यावरणाच्या ढोबळ दाव्यांचाही मुद्दा होता. तेव्हा 'लॅब' हा शब्द ऐकून समाधान मानू नका. विचारा, कुठली लॅब आणि कुठली वीज?

दुसरी गोष्ट किमतीची. २०१८ मध्ये डी बिअर्स या खाणींतल्या बड्या कंपनीने स्वतःच लॅबच्या हिऱ्यांचा 'लाइटबॉक्स' हा ब्रँड काढला. भाव ठेवला एका कॅरेटला ८०० डॉलर. तेव्हा तो भाव बाजाराला धक्का देण्याइतका कमी होता. नंतर सगळ्याच बाजारात लॅबचे भाव इतके कोसळले की २०२५ मध्ये कंपनीने हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅबचा हिरा हौस म्हणून घ्या, सुंदर आहे. पण कुणी 'गुंतवणूक' म्हणून गळ्यात मारत असेल, तर हात जोडा आणि बाहेर पडा. खाणीतला हिरासुद्धा विकायला गेलात तर सोन्यासारखा भाव येत नाही, हेही अनेक घरांनी अनुभवलंय.

बिल कोण भरतं

इथवरचा सगळा विचार घेणाऱ्याच्या बाजूने झाला. आता दुसऱ्या टोकाला जाऊ.

बोत्सवाना हा आफ्रिकेतला देश. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना होती. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. त्या देशाने काय केलं? डी बिअर्सबरोबर सरकारने निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी चालवली आणि आलेला पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत घातला. तिथे हिऱ्यासाठी यादवी झाली नाही. निवडणुका नियमित होतात. आज त्याच्या निर्यातीतला फार मोठा वाटा हिऱ्यांचा आहे.

आणि आता जगात खाणीतल्या हिऱ्याची मागणी घटली आहे. लॅबचा हिरा हे त्याचं एक कारण, चीनमधला मंदावलेला बाजार हे दुसरं. बोत्सवानाच्या तिजोरीला मोठा फटका बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांचा तुटवडा इतका वाढला की राष्ट्रपती दुमा बोको यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. परदेशी मदत आटणं हेही त्यामागे होतं, पण हिऱ्याचा पैसा आटला हे मोठं कारण. म्हणजे सदसद्विवेक जागा झाला म्हणून आपण खाणीचा हिरा नाकारतो आणि त्याची झळ बसते ती हिऱ्याचा पैसा सचोटीने वापरणाऱ्या देशाला!

कोनोमधलंच एक उदाहरण सांगतो. २०१७ मध्ये तिथल्या इमॅन्युएल मोमो नावाच्या पाद्रीकडे ७०९ कॅरेटचा हिरा आला. त्याने तो सीमेपलीकडे न विकता सरकारजमा केला. न्यूयॉर्कमध्ये तो सुमारे ६५ लाख डॉलरना विकला गेला आणि त्यातला मोठा वाटा विकासकामांसाठी राखला गेला. पूर्वी ज्या मातीतल्या खड्यांवर बंदुका आल्या, तिथल्याच एका खड्याचा हा उघड, जाहीर हिशेब. खडा तसाच होता, फरक हिशेबात होता.

आपल्याकडे पन्ना आहे, मध्य प्रदेशात. छत्रसालाची राजधानी. त्याच्या हाकेला बाजीराव धावून गेला, तो बुंदेलखंड. तिथे आजही साधा माणूस सरकारकडून जमिनीचा छोटा तुकडा पट्ट्याने घेतो, खणतो, गाळ धुतो. हिरा मिळाला तर पन्न्याच्या हिरा कार्यालयात जमा करायचा. तिथे वजन होतं, लिलाव होतो, सरकारचं स्वामित्वधन कापून बाकी पैसे त्याला मिळतात. नियमाबाहेर माल जातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या मजुराचं नशीब रातोरात उघडल्याची बातमी अधूनमधून येते, ती या व्यवस्थेमुळेच येते.

आणि शेवटी सुरत. जगातल्या दर दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते भारतात, आणि त्यातले बहुतेक सुरतेत. खाणीतला असो की लॅबचा, त्याच घंटीवर, त्याच बोटांखाली. माझ्या एका जुन्या नायकाचं गाव खानदेशात. त्याचा मुलगा सुरतेला रत्नकलाकार आहे. गेल्या वर्षी तो भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, "काय रे, तुला कोणता हिरा बरा वाटतो, लॅबचा की खाणीचा?" तो हसला. म्हणाला, "साहेब, मला महिनाभर काम देतो तो बरा." मग हळूहळू सांगत गेला. पगार नाही, नगावर मजुरी. खड्याचा भाव पडला की नगाचाही पडतो. दिवाळीची सुट्टी लांबते, आणि त्या दिवसांचे पैसे नाहीत. नियुक्तिपत्र नाही, त्यामुळे काम गेलं तर कुणाकडे बोट दाखवायचं तेही कळत नाही. मुलाची शाळेची फी दोन हप्ते थकली होती.

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. २०२५ मध्ये गुजरात सरकारने अशा कामगारांसाठी मदतीची योजना जाहीर केली. त्यात मुलांच्या फीसाठीही तरतूद आहे. सरकारला तसं करावं लागलं, यावरूनच परिस्थिती ओळखा. आपण घरी बसून कोणता हिरा नैतिक यावर तासभर वाद घालतो. त्या तासभरात या मुलाचं नाव एकदाही येत नाही.

मग करायचं काय

सैन्यातला एक नियम सांगतो. अधिकार खालच्या माणसाला सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही. माझ्या तुकडीत काही चुकलं तर "मी आदेश दिला होता, पुढचं मला ठाऊक नाही" हे उत्तर चालत नाही. हिऱ्याच्या धंद्यात मात्र तेच उत्तर सर्रास चालतं. दुकानदार व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी कारखान्याकडे, कारखाना कागदाकडे. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून बिलाकडे बघतो.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. शांतपणे, भांडण न करता.

एक: हा हिरा खाणीतला की लॅबमधला, आणि तसं तुम्ही बिलावर स्पष्ट लिहून द्याल का? लहान खड्यांत सरमिसळ होऊ शकते, म्हणून दागिन्यातल्या बारीक खड्यांबद्दलही विचारा.

दोन: खाणीतला असेल तर कुठल्या देशातला? किंबर्लेच्या पुढे काही सांगू शकता का?

तीन: लॅबचा असेल तर कुठे वाढवला, कुठल्या विजेवर?

चार: पैलू कुठे पाडले, आणि तिथल्या कामगारांना नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी मिळतो का?

चौथा प्रश्न विचारलात की समोरचा माणूस बहुधा दचकेल. दचकू द्या. आज उत्तर येणार नाही. पण दिवसाला दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला तर दुकानदार तो व्यापाऱ्याला विचारेल, व्यापारी कारखानदाराला. आदेश वरून खाली जातो तसाच प्रश्नही जातो, फक्त त्याला धक्का द्यावा लागतो.

आणि घरात एकमेकांना खरं सांगा. लॅबचा हिरा घेतला असेल तर सुनेला, व्याह्यांना लॅबचाच म्हणून सांगा. त्यात लाज कसली? लपवाल तेव्हाच तो खोटा ठरेल.

मला विचाराल तर दोन्ही हिरे चालतील. पन्न्याच्या मजुराने कार्यालयात जमा केलेला चालेल, बोत्सवानाचा चालेल, सचोटीच्या लॅबमधलाही चालेल. ज्याच्या मागचा एकही माणूस समोर यायला तयार नाही, तो हिरा मात्र नको. मग तो कितीही लखलखीत असो आणि कितीही स्वस्त असो. असा एकही न मिळाला तर आपल्याकडे सोन्याची ठुशी आहेच, मोत्यांची नथ आहे. मात्र तिथेही हिशेब विचारायचा, तो विषय पुन्हा कधीतरी.

 जय हिंद.